बूट म्हापशात घालून बघायचे आणि मागवायचे ऑनलाइन: यात गैर किती?

प्रश्न: व्हाळकाठ (डिचोली)

ट्रेकिंगच्या बुटांची एक जोडी बघून ठेवली आहे. म्हापशाच्या एका दुकानात किंमत ₹६,४९९. तीच जोडी ऑनलाइन ₹४,८९९. सोबत ५० लिटरची सॅकही घ्यायची आहे, तिथेही साधारण असाच फरक दिसतो. वापर बहुतेक सत्तरी आणि चोर्ला घाटाच्या बाजूला, म्हणजे ओला जांभा, शेवाळ, व्हाळ (ओढे) ओलांडणे, आणि हिवाळ्यात कधीतरी पाठीवर ओझं घेऊन दोन दिवसांची चाल.

घातल्याशिवाय बुटाचा नंबर कळत नाही हे सगळ्यांना मान्य. गटातले निम्मे म्हणतात, दुकानात जाऊन घालून बघ, नंबर लक्षात ठेव, घरी येऊन मागव. बाकीचे म्हणतात ही शुद्ध फुकटेगिरी. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: असं करण्यात खरंच गैर आहे का? दुकानात गेल्यावर नेमकं काय आणि कसं तपासायचं? आणि ऑनलाइन घेतलं तर मापाशिवाय आणखी कुठे फसायला होतं?

---

उत्तर: काउंटरमागून (म्हापसा)

आधी ₹१,६०० कुठून आले ते बघू, मग पाप-पुण्य.

कर हे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ₹२,५००पर्यंतच्या जोडीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या जोडीला १८ टक्के. तुमची जोडी दोन्हीकडे १८ टक्क्यांतच बसते. ‘ऑनलाइन घेतलं की गोव्याचा कर बाहेर जातो’ हेही लोक ठासून सांगतात, पण जीएसटी माल जिथे पोचतो त्या राज्याचा. डिचोलीत उतरलेल्या खोक्यावरचा राज्याचा वाटा गोव्यालाच मिळतो. गोव्यातून जातो तो काउंटरवरच्या पोराचा पगार आणि दुकानदाराचा नफा. तेवढंच म्हणा, कर मध्ये आणू नका.

खरा खर्च मापांचा आहे. ६ ते ११ नंबर, अर्धे नंबर धरून, म्हणजे ११ जोड्या. तीन मॉडेलं प्रत्येकी दोन रंगांत ठेवली की झाली ६६ खोकी, आणि त्यांत अडकलेले पैसे. खपतात ते ८, साडेआठ, ९. सहा आणि अकरा पडून राहतात आणि शेवटी खरेदीच्या भावात, कधी त्याच्याही खाली काढावे लागतात. ऑनलाइनवाल्याचं एक गोदाम दोन-चार राज्यांना पुरतं, त्याला अकरा नंबरचा पाय कुठेतरी सापडतोच. म्हणजे दुकानातल्या किमतीत न खपणाऱ्या मापांचा भार धरलेला असतो, आणि ती सगळी मापं तिथे असतात म्हणूनच तुम्ही घालून बघायला तिथे जाता. ₹१,६००चा बराचसा भाग हाच आहे.

दुसरा खर्च कोणी धरत नाही. नीट माप द्यायचं तर एका गिऱ्हाइकामागे अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय चार-पाच जणांनी घालून, उतारावर चालवून बघितलेल्या जोडीच्या चवड्याला घड्या पडतात, आतली गादी काळपट होते. पुढचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘हा वापरलेला दिसतो, नवा दाखवा.’ ती जोडी सूट देऊनच जाते.

आता गैर काय आणि कुठे. दुकानात शिरलात, बघितलं, भाव ऐकला, विचार करतो म्हणून निघालात आणि मग दुसरीकडून घेतलंत, तर त्यात काहीच वावगं नाही. बाजार असाच चालतो. पण घरातून निघतानाच ऑनलाइनचं ठरलेलं आहे आणि तरी तीन जोड्या उघडायला लावल्या, माप घ्यायला लावलं, सल्ला घेतला, तर ते दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारणंच आहे. एकच बूट, एकच दुकान, फरक फक्त मनात काय होतं याचा. तो तुम्हालाच ठाऊक.

यावर उपाय सोपा आहे, फक्त जीभ रेटत नाही. स्टुलावर बसण्याआधी बोला: ‘बाहेर ही जोडी ४,८९९ला दिसते. मला माप बघून घ्यायचंय. तुम्ही कितीपर्यंत याल?’ पेटीवर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत असते, त्याखाली विकायला दुकानदाराला कायद्याची आडकाठी नाही. पूर्ण ₹१,६०० सुटतील अशी आशा धरू नका. पाच-सातशे सुटले, तर उरलेल्या हजारात तुम्हाला माप, हातातलं बिल आणि तक्रार घेऊन जायला एक उंबरठा मिळाला असं समजा. दुकानदार नाही म्हणाला तर विचारा, ‘नुसतं माप द्यायचे किती घ्याल?’ दोन-तीनशे रुपये योग्य आहेत, आणि तिथेच खरेदी झाली तर ते बिलातून वजा व्हावेत. काही जण तोंडावर नको म्हणतील. त्यांच्याकडे जाऊ नका, विषय मिटला.

एक खोड मात्र सोडा: बूट ऑनलाइन मागवायचे आणि दुकानातून ₹१५०चे मोजे घेऊन ‘काहीतरी घेतलं’ म्हणायचं. त्या मोज्यांवर सुटतात किती?

---

उत्तर: टाच-पंजा (फोंडा)

वरच्या हिशेबाशी सहमत. मी मापाचं सांगतो, कारण माप नीट कसं घ्यायचं हे माहीत नसलं की दुकानातही चुकीचाच बूट गळ्यात पडतो आणि दोष दुकानाला लागतो.

संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि ट्रेकवर तसेच सुजतात. आपल्याकडे दुपारी दुकानं बंदच असतात, ती उघडली की पाच-साडेपाचचा सुमार बरा. शनिवार टाळा, गर्दीत कोणालाच वेळ नसतो. ट्रेकला जे मोजे घालणार तेच घेऊन जा. दुकानातल्या पातळ नायलॉनच्या मोज्यावर घेतलेलं माप जाड मोज्यावर अर्धा नंबर कमी पडतं.

बूट पायात घालण्याआधी आतली गादी काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. अंगठ्याच्या पुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर गादी दिसली पाहिजे. करंगळीच्या बाजूला मांस गादीबाहेर ठळक येत असेल तर बूट अरुंद आहे. इथे हमखास चूक होते: रुंदी कमी पडते म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. मग बूट पंज्याच्या सांध्यापाशी न वाकता त्याच्या पुढे वाकतो, टाच मागे उचलली जाते आणि तासाभरात फोड. रुंदी कमी पडली तर रुंद फर्म्याचं (बूट ज्या साच्यावर घडवतात तो फर्मा) दुसरं मॉडेल मागा, लांबी वाढवू नका.

मग नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या. टाचेमागे एक बोट सैलसर जायला हवं. दोन बोटं गेली तर मोठा, एकही जात नसेल तर लहान. आता टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, खालून वर नाडी आवळत या, घोट्यापाशी नाडीला दोन पीळ द्या आणि चाला. टाच किंचित उचलली जाणं चालतं, पाच मिलिमीटरच्या आसपास. सपकन वर-खाली होत असेल तर नको.

उताराची चाचणी टाळायची नाही. दुकानात उताराची फळी नसली तर जिना असतोच. उतरताना बोटं पुढे आपटतात का बघा. मग उभ्याउभ्या बुटाचं टोक जमिनीवर तीनदा जोरात मारा. अंगठा टोकाला लागून तिथेच टेकून राहिला तर चोर्ल्याच्या पहिल्याच लांब उतारावर नख काळं होणार. दोन्ही पायांत घाला. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, मोठ्याच्या मापाने घ्या. मग बूट पायात ठेवून पंधरा मिनिटं दुकानात राहा. टोचायला लागायचं ते दहा मिनिटांनंतरच सुरू होतं.

‘घातल्यावर सैल होईल’ हे वाक्य चामड्याला थोडंफार लागू आहे, लांबीला तेही नाही. जाळी आणि सिंथेटिकला अजिबात नाही.

आता ‘नंबर लक्षात ठेव आणि मागव’ इथेच गाडं अडतं. इंग्लिश मापाचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिलिमीटर. युरोपियन मापाचा एक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. ही दोन मापं एकमेकांत नेमकी बसत नाहीत, म्हणून एकाचा ८ नंबर ४२ असतो, दुसऱ्याचा साडेबेचाळीस. त्यामुळे नुसता ‘आठ’ लिहून आणू नका. जिभेच्या मागच्या चिठ्ठीवर सेंटिमीटरमध्ये लांबी असते, ती आणि खोक्यावरचा मॉडेल कोड टिपा. ऑनलाइन जी जोडी दीड हजाराने स्वस्त दिसते ती बरेचदा आदल्या आवृत्तीची असते. नाव तेच, फोटो जवळपास तोच, पण फर्मा बदललेला असू शकतो. कोड जुळला नाही तर दुकानात घेतलेल्या मापाचा काडीचा उपयोग नाही, आणि दुकानदाराचा अर्धा तासही उगाच गेला.

सॅकचं वेगळं आहे. निम्मं काम घरीच होतं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी हाड वर येतं, तो एक बिंदू. कमरेवर हात ठेवा, अंगठे पाठीकडे, बोटं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ हा दुसरा बिंदू. दुसऱ्या कोणाकडून शिवणकामाच्या टेपने पाठीच्या वळणावरून हे अंतर मोजून घ्या. हा आकडा कंपनीच्या मापांच्या तक्त्याशी जुळवा. एवढं माहीत असलं तर दुकानात दहा सॅका खाली काढायला लावाव्या लागत नाहीत.

दुकानात फक्त वजन घालून बघायचं. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. आठ-दहा किलो भरा. दोर, तंबूच्या पिशव्या, जे असेल ते. सगळे पट्टे ढिले करून सॅक पाठीवर घ्या, आधी कमरेचा पट्टा लावा. त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडावर यायला हवा, पोटावर नव्हे. मग खांद्याचे पट्टे ओढा. खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे साधारण ४५ अंशांत तिरके दिसले की पाठीची लांबी बरोबर. आडवे झाले तर सॅक आखूड. खांद्यावरचा पट्टा आणि खांदा यांत पोकळी राहिली तर लांब. पट्टा पूर्ण ओढल्यावरही कमरेला सैल असेल तर ती सॅक सोडा, त्याला उपाय नाही.

जाता जाता, आपल्या पावसासाठी: वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट व्हाळ ओलांडताना वरून भरतो आणि मग पाणी बाहेर सोडत नाही. गुडघाभर पाण्यातून जायचं असेल तर जाळीचा, लवकर सुकणारा बूट बरा. ओल्या जांभ्यावर सोलच्या खाचांच्या खोलीपेक्षा रबर किती मऊ आहे त्याचं महत्त्व जास्त. नखाने दाबून बघा, टणक प्लॅस्टिकसारखं लागलं तर शेवाळावर भरवसा ठेवू नका.

---

उत्तर: पेडण्याचा

दुकानदारांचं इतकं कौतुकही नको. तीन मापं ठेवायची, चौथं मागितलं की ‘हेच बसेल’ म्हणायचं. बिल मागितलं तर ‘बिल घेतलं तर किंमत वेगळी’. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. त्या शिक्क्याला भिऊ नका. जो माप देत नाही, बिल देत नाही, त्याच्याकडे घालून बघून ऑनलाइन मागवलं तर माझी तरी झोप उडणार नाही.

---

उत्तर: काउंटरमागून

@पेडण्याचा, बिलाचं शंभर टक्के बरोबर. पण मापच देत नाही त्याच्याकडून तुम्ही चोरणार काय? प्रश्न माप नीट देणाऱ्याचा आहे. आणि वाईट वाटतं ते हेच की घालून बघायला लोक मुद्दाम चांगल्याच दुकानात जातात.

---

उत्तर: कोरडा डबा (मडगाव)

तिसऱ्या प्रश्नावर कोणी आलं नाही. मापाशिवायचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे बुटाचं वय.

ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो, वापरा अथवा न वापरा. खोक्यात पडून राहिलेली कोरी जोडीही चार-पाच वर्षांत आतून भुगा होऊ शकते. पहिल्याच चालीत सोल बिस्किटासारखा तुटतो. बंद खोकं आणि कोकणातली पावसाळी हवा हे त्याला सगळ्यात वाईट. ईव्हीए या दुसऱ्या फोमच्या सोलला हा रोग नाही, तो तुटत नाही, दबून कडक होतो. मात्र कोणत्याही सोलचा गोंद ओलाव्याने सुटू शकतो.

ऑनलाइनची मोठी सूट कित्येकदा जुन्या मालावरच असते. पण हा धोका दुकानातही तेवढाच आहे, दोन पावसाळे काढलेलं खोकं म्हापशातही निघतं. पेटीवर एमआरपीजवळ निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. दोन वर्षांच्या आतलं घ्या. दुकानात हे आधी वाचता येतं, ऑनलाइन पेटी हातात आल्यावर. दुसरी खूण: मधल्या सोलवर अंगठा रोवून दाबा आणि बूट पंज्यापाशी वाकवा. बारीक भेगा दिसल्या, चिकटपणा लागला किंवा वरचं कापड आणि सोल यांच्या सांध्यात पांढरी रेघ उघडली तर घेऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे माल सदोष, बनावट, वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. ‘नंबर बसला नाही’ यासाठी तसा हक्क नाही, तिथे विक्रेत्याचं स्वतःचं धोरण चालतं. म्हणून बटण दाबण्याआधी ते धोरण वाचा: परत घेणार, बदलून देणार की नुसते पॉइंट देणार. विक्रेत्याचं नाव कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का तेही बघा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी कंपनी हात वर करते. तक्रार करायची वेळ आली तर हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. विक्रेता बंगळुरूचा असला म्हणून तिकडे जावं लागत नाही.

आलेला बूट घरात, चादरीवर घालून बघा. सोलला अंगणातली लाल माती लागली की परतीचा दरवाजा बंद. टॅग तोडू नका, खोक्यावर चिकटपट्टी मारू नका.

आणि नीतीचंच बोलायचं तर दोन नंबर मागवून एक परत करणंही त्याच जातीचं. विक्रेता स्वतःहून ‘घालून बघा, नको ते परत करा’ म्हणत असेल तर खुशाल करा. नसेल, तर परत गेलेली जोडी पुन्हा नव्या भावात जाईलच असं नाही, आणि त्याचा भुर्दंड बरेचदा एखाद्या छोट्या विक्रेत्यावर पडतो. तो समोर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

---

व्हाळकाठ

सगळ्यांचे आभार. दुकानदाराशी फोनवर आधीच बोललो. ऑनलाइनचा भाव सांगितला, तो ₹५,७९९पर्यंत यायला तयार आहे. अडचण अशी की त्याच्याकडे ८ आणि ९ आहेत, साडेआठ नाही. आता?

---

टाच-पंजा

८ आणि ९ दोन्ही घालून बघा. वर सांगितलेली टोक आपटायची चाचणी ८मध्ये नापास आणि ९मध्ये टाच उचलली जात असेल, तरच साडेआठ. मधलं माप म्हणून अंदाजाने ठरवू नका. जाड मोज्यांसकट ९ बसत असेल, फक्त टाच थोडी हलत असेल, तर वरच्या दोन भोकांतून नाडीचे फास करून एकमेकांत ओवा, टाच जागेवर बसते.

---

काउंटरमागून

आणि साडेआठच लागला तर त्यालाच वितरकाकडून मागवायला सांगा. पाचशे रुपये आगाऊ द्या, पावती घ्या. पावतीवर मॉडेल कोड, नंबर, ठरलेला भाव आणि ‘न बसल्यास रक्कम परत’ एवढं लिहून घ्या. जोडी आली की निर्मितीचा महिना बघून मगच उरलेले पैसे द्या.